कोरड्या खोलीसाठी घरगुती ओलावा : वजनकाट्यावर घेतलेली परीक्षा

हवा कोरडी पडली की ओठ फुटतात, पहाटे घसा सुकून जाग येते, नाकाचा घोळणा फुटतो, लाकडी दारे चौकटीत सैल पडतात आणि लोकरीचा कपडा अंगावरून काढताना चटचट ठिणग्या उडतात. हवा ओलावणारे यंत्र (ह्युमिडिफायर) विकत न घेता करता येण्याजोगे उपाय जवळजवळ प्रत्येकाला तोंडपाठ असतात : खोलीत पाण्याचे भांडे ठेवा, ओला टॉवेल टांगा, पाणी उकळत ठेवा, कुंड्या आणा, फवारा मारा. उघडे पाणी हवेत जातेच, तेव्हा यांपैकी कोणताही उपाय सर्वस्वी खोटा नाही. मात्र किती पाणी जाते हे क्वचितच कुणी सांगते, आणि उपाय खरोखर कामाचा की नुसता मनाच्या समाधानाचा हे त्यावरच ठरते. म्हणून या परीक्षणात प्रत्येक उपायाला एकच मोजमाप लावले आहे : तासाभरात तो किती ग्रॅम पाणी हवेत सोडतो. त्यासाठी स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा पुरतो. भांडे किंवा कापड आधी तोलावे, काही तासांनी पुन्हा तोलावे. जेवढे वजन घटले तेवढे पाणी हवेत गेले.

आधी गरज किती आहे ते पाहू. हवेत प्रत्यक्ष असलेली वाफ आणि त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त मावू शकणारी वाफ यांचे प्रमाण म्हणजे सापेक्ष आर्द्रता. ही मावण्याची मर्यादा तापमानाबरोबर झपाट्याने वाढते : एका घनमीटर हवेत ० अंश सेल्सियसला सुमारे ४.८ ग्रॅम, २० अंशांना १७.३ ग्रॅम आणि ३० अंशांना ३०.४ ग्रॅम वाफ मावते. त्यामुळे बाहेरची ० अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा घरात येऊन २० अंशांपर्यंत तापली, तर तिच्यातली वाफ कणभरही कमी न होता तिची सापेक्ष आर्द्रता २२ टक्क्यांच्या आसपास येते. थंड प्रदेशांतली तापवलेली घरे कोरडी का असतात याचे उत्तर एवढेच आहे. वातानुकूलित खोलीचे कारण वेगळे : तेथे यंत्राच्या थंड नळ्यांवर हवेतली वाफ पाणी होऊन साचते आणि बाहेरच्या नळीतून थेंबथेंब गळून जाते.

आता चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी एक खोली धरू. तिच्यात ३६ घनमीटर हवा असते. २० अंश तापमानाला तिची आर्द्रता ३० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर न्यायची, तर हिशेबाने सुमारे १२५ ग्रॅम पाणी लागते. अर्धा पेला पाण्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे येथे वाटू शकते, आणि घरगुती उपायांविषयीचा बहुतेक भाबडा उत्साह याच आकड्यावर उभा असतो. प्रत्यक्षात खोली म्हणजे बूच लावलेली बाटली नव्हे. दारे-खिडक्या बंद असल्या तरी फटींतून हवेची ये-जा चालूच असते. तासाभरात खोलीतली निम्मी हवा बदलत असेल, तर ५० टक्के टिकवून धरायला दर तासाला सुमारे ६२ ग्रॅम, म्हणजे दिवसाला दीड लिटर पाणी लागते. तासाला सगळीच हवा बदलत असेल, तर दिवसाला तीन लिटर. शिवाय भिंतींचा गिलावा, लाकडी सामान, गाद्या, पडदे आणि पुस्तके हे सगळे सुरुवातीला ओलावा पिऊन घेतात. त्यामुळे पहिल्या दिवशी आर्द्रतामापकाचा आकडा हलत नाही म्हणून उपाय निकामी ठरवणे अन्यायाचे होईल. पुढे हेच सामान घेतलेला ओलावा हळूहळू परत देते आणि आकड्याची चढउतार सौम्य ठेवते. यापुढील परीक्षणात तासाला साठ ग्रॅम ही उत्तीर्ण होण्याची रेघ मानली आहे. खोलीत माणसे असतील तर त्यांचीही थोडी मदत होते, कारण शांत बसलेला प्रौढ माणूस श्वास आणि त्वचा यांवाटे तासाला साधारण चाळीस-पन्नास ग्रॅम पाणी हवेत सोडत असतो. अर्थात तेच पाणी वाचवण्यासाठी तर आपण हा उद्योग मांडला आहे.

वजनकाट्याच्या जोडीला एक आर्द्रतामापक हवाच. घसा आणि त्वचा यांच्या साक्षीवर विसंबणे बरे नाही, कारण सर्दी, धूळ आणि कमी पाणी पिणे यांनीही तशीच लक्षणे दिसतात. लहान डिजिटल आर्द्रतामापक सोयीचे असतात, पण त्यांचा आकडा काही टक्क्यांनी इकडेतिकडे असणे अगदी सामान्य आहे. तो तपासण्याची एक जुनी, बिनखर्चाची रीत आहे. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घेऊन ते विरघळणार नाही, फक्त ओल्या वाळूसारखे होईल इतक्या पाण्याने भिजवावे, आणि ते झाकण मापकासह हवाबंद पिशवीत आठ-दहा तास ठेवावे. संपृक्त मिठावरच्या हवेची आर्द्रता नेहमीच्या तापमानात ७५ टक्के असते. मापक ७० दाखवत असेल तर तो पाच टक्के कमी दाखवतो हे कळले. कागदाची चिठ्ठी त्याच्या पाठीवर चिकटवून ठेवली की झाले. स्वित्झर्लंडचे शास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर यांनी १७८३ मध्ये माणसाच्या केसावर चालणाऱ्या आर्द्रतामापकाचे वर्णन प्रसिद्ध केले होते; कोरड्यापासून पूर्ण दमट हवेपर्यंत केसाची लांबी दोन-अडीच टक्क्यांनी वाढते, या गुणावर ते चालत असे. काटा असलेल्या काही मापकांत आजही तेच तत्त्व वापरतात. अशा मापकाला अधूनमधून मिठाची परीक्षा द्यायला लावणे अधिकच गरजेचे.

सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे उघडे भांडे, आणि या परीक्षेत तोच सपशेल नापास होतो. बाष्पीभवन पाण्याच्या पृष्ठभागावरून होते, त्यामुळे भांड्यात पाणी किती खोल आहे याला काहीही महत्त्व नाही. बादलीभर पाणी आणि त्याच तोंडाच्या ताटलीतले बोटभर पाणी दोन्ही सारख्याच गतीने उडतात. तीस सेंटिमीटर व्यासाच्या परातीचा पृष्ठभाग जेमतेम ०.०७ चौरस मीटर भरतो, आणि स्तब्ध हवेत, २० अंशांच्या आसपास, तिच्यातून तासाला साधारण दहा ग्रॅम पाणी उडते. साठ ग्रॅमची रेघ गाठायला अशा सहा पराती मांडाव्या लागतील, आणि हवा जास्त खेळती असलेल्या खोलीत बारा. एवढ्या पराती जमिनीवर पसरून खोलीत वावरायचे कसे, हा प्रश्न उपायाचा पुरस्कार करणाऱ्यांनी सोडवलेला दिसत नाही. त्यात गरम पाणी ओतले तर पहिला अर्धा तास वेग चांगलाच वाढतो, पण पाणी निवले की पुन्हा येरे माझ्या मागल्या. तापलेल्या रेडिएटरवर पाण्याचे उथळ भांडे ठेवणे हा मात्र याच उपायाचा पुष्कळ सुधारलेला अवतार आहे, कारण तेथे पाण्याला सतत उष्णता मिळते आणि वर चढणारी उबदार हवा वाफ वाहून नेते. हे फक्त गरम पाण्यावर चालणाऱ्या रेडिएटरच्या बाबतीत खरे समजावे. विजेच्या हीटरवर किंवा त्याच्या शेजारी पाण्याचे भांडे कधीही ठेवू नये. साचलेल्या पाण्याचे आणखी एक लचांड असते : पाणी रोज बदलले नाही तर त्यावर बुळबुळीत थर येतो, आणि उबदार हवेत डासांची पैदासही होते. मातीचे सच्छिद्र, झिरपणारे भांडे परातीपेक्षा बरे, कारण त्याची सगळी बाहेरची बाजू ओली राहून बाष्पीभवनाला मोकळी मिळते. तरीही त्याची मजल पाणी गार करण्यापर्यंत. खोलीभर हवा ओलावण्याची अपेक्षा त्याच्याकडून करू नये.

ओल्या कापडापाशी येताच चित्र पालटते, आणि येथे जरा सविस्तर थांबणे भाग आहे. सत्तर सेंटिमीटर रुंद आणि एकशेचाळीस सेंटिमीटर लांब अशा आंघोळीच्या टॉवेलची एक बाजू जवळपास एक चौरस मीटर भरते. तो दोन्ही बाजूंनी मोकळा टांगला तर हवेला जवळपास दोन चौरस मीटर ओला पृष्ठभाग मिळतो, म्हणजे वरच्या परातीच्या सुमारे अठ्ठावीसपट, तोही जमिनीवरची वीतभर जागासुद्धा न अडवता. हाताने घट्ट पिळलेल्या जाड टॉवेलात त्याच्या कोरड्या वजनाइतके पाणी सहज राहते. अर्ध्या किलोचा टॉवेल घेतला तर अर्धा लिटर पाणी हाताशी आले. ते सुरुवातीला तासाला शंभर ग्रॅमहून अधिक गतीने उडते आणि कापड सुकत जाईल तसा वेग मंदावतो. रात्री झोपताना टांगलेला टॉवेल पहाटेपर्यंत बहुतांशी सुकलेला आढळतो, आणि उत्तीर्णतेची रेघ तो रात्रीचा बराच काळ सांभाळतो. दोन टॉवेल असतील तर चिंताच नाही. मात्र टॉवेल दांडीवर दुमडून टाकला की त्याच्या आतल्या दोन बाजू एकमेकींना चिकटून निम्मा पृष्ठभाग वाया जातो. तो वरच्या काठाला चिमटे लावून पूर्ण उघडा टांगायला हवा. वजनकाट्यावर हा फरक लगेच दिसतो, आणि एवढ्या साध्या गोष्टीने उपायाचे फळ किती बदलते हे पाहून गंमत वाटते.

याच तत्त्वाची मोठी आणि मोफत आवृत्ती म्हणजे धुतलेले कपडे खोलीतच वाळत घालणे. धुलाईयंत्राने पिळून काढलेल्या चार-पाच किलो कपड्यांत साधारण दोन लिटर पाणी उरलेले असते, आणि कपडे कोरडे झाले याचा अर्थ ते सगळे पाणी हवेत गेले. दिवसाची गरज दीड ते तीन लिटर धरली तर कपड्यांची एक खेप ती बऱ्याच अंशी भागवते, शिवाय कपडे वाळवण्याचे काम तसेही करायचेच असते. या उपायाला मी पहिल्या पसंतीचे गुण देतो, पण तीन अटींवर. कपडे नीट खळबळून साबण आणि सुगंधी द्रव्ये निघून गेलेली असावीत, नाहीतर खोलीभर त्यांचा उग्र दरवळ पसरतो आणि दम्याच्या रुग्णाला त्याचा त्रास होऊ शकतो. कपडे दाटीवाटीने टांगू नयेत. वाळायला फार वेळ लागला की कुबट वास धरतो, आणि तो वास म्हणजे कापडात जिवाणू वाढल्याची खूण असते. तिसरी अट सर्वांत महत्त्वाची : हवा खरोखरच कोरडी असेल तेव्हाच हे करावे. आधीच दमट असलेल्या घरात असे कपडे वाळवणे म्हणजे भिंतींना बुरशीचे निमंत्रण देणे आहे.

ओल्या कापडाला वाऱ्याची जोड दिली की उपायाचा दर्जा आणखी एक पायरी चढतो. ओल्या पृष्ठभागाला लगटून वाफेने भरलेल्या हवेचा एक पातळ थर तयार होतो आणि तोच पुढच्या बाष्पीभवनाला अडवून धरतो; पंखा तो थर सतत पुसून काढतो. लहान टेबलपंखा मंद गतीवर टॉवेलच्या रोखाने लावला तर रात्रभर सुकणारा टॉवेल काही तासांतच सुकतो. यावरूनच बादली, कापड आणि पंखा यांचे घरगुती यंत्र निघाले. त्याची रचना सोपी आहे. रुंद, उथळ टबात पाणी घ्यावे, टबावर आडव्या दांडीवरून सुती कापडाच्या दोन-तीन पट्ट्या अशा सोडाव्यात की त्यांची खालची टोके पाण्यात बुडतील, आणि हातभर अंतरावरून पंख्याची झुळूक त्यांच्यावर सोडावी. समईची वात जशी तेल वर ओढते तसे कापड पाणी वर ओढत राहते, आणि टॉवेल पुन्हा पुन्हा भिजवण्याची कटकट उरत नाही. उंचीचा अंदाज मात्र चुकवू नये. सुती कापड पाणी वीतभर उंचीपर्यंत चांगले चढवते, त्याच्यावर कापड कोरडेच राहते. म्हणून पट्ट्या उंच करण्यापेक्षा रुंद कराव्यात. नवीन कापडावर खळ असते आणि ते पाणी झिडकारते, त्यामुळे चार-सहा धुण्यांतून गेलेले जुने, मऊ कापडच घ्यावे. चकचकीत पॉलिएस्टरच्या तुकड्यांचा येथे सहसा उपयोग होत नाही.

या रचनेचा एक गुण कुणी फारसा सांगत नाही : ती स्वतःच स्वतःला आवर घालते. हवा जितकी कोरडी तितके बाष्पीभवन जलद, आणि आर्द्रता वाढत गेली की ते आपोआप मंदावते. त्यामुळे ओल्या कापडाने खोलीत एकदम धुके दाटले असे सहसा घडत नाही. दुसरा गुणधर्म गुण आहे की दोष ते ऋतूवर अवलंबून आहे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ०.६८ युनिट विजेइतकी उष्णता लागते, आणि कापड ती उष्णता खोलीतल्या हवेकडूनच घेते. २० अंश आणि ३० टक्के आर्द्रतेच्या हवेत ओले कापड तत्त्वतः ११ अंशांच्या आसपास थंड होऊ शकते, आणि त्यावरून येणारी झुळूक गार लागते. उकाड्यात हे सुखाचे आहे. हिवाळ्यात तापवलेल्या खोलीत मात्र हीच उष्णता हीटरला भरून द्यावी लागते. तेव्हा हा उपाय फुकटात पडतो असे म्हणताना हीटरचे बिलही डोळ्यांसमोर असावे. देखभालीच्या बाबतीत हे यंत्र बऱ्यापैकी लहरी आहे. पाण्यातले क्षार कापडात मागे राहतात, काही आठवड्यांत पट्ट्यांच्या कडा कडक आणि पांढुरक्या होतात व पाणी ओढणे थांबवतात. त्या व्हिनेगर घातलेल्या पाण्यात भिजवून धुतल्या की पुन्हा कामाला येतात, पण ओल्याच सोडून चार दिवस विसरल्या तर फेकूनच द्याव्या लागतात. टबातले पाणी रोज ओतून द्यावे आणि टब घासून घ्यावा. पंखा टबापेक्षा उंच, पक्क्या बैठकीवर आणि त्याची वायर पाण्यापासून दूर असलीच पाहिजे. लहान मूल किंवा मांजर असलेल्या घरात ही मांडणी टाळून नुसता टॉवेल टांगणे शहाणपणाचे.

पाणी उकळत ठेवण्याचा उपाय वेगाच्या बाबतीत निर्विवाद पहिला आहे. दोन हजार वॅटची किटली खळखळ उकळत असताना मिनिटाला पन्नास ग्रॅमहून जास्त वाफ सोडते. म्हणजे वर धरलेल्या खोलीची तासाची गरज ती सव्वा मिनिटात भागवते. अडचण हीच की हवेला ओलावा सावकाश, दिवसभर हवा असतो, आणि किटली तो एका दमात ओतते. तेवढी वाफ जवळच्या गार भिंतीवर आणि काचेवर पाणी होऊन निथळते, खोलीच्या दुसऱ्या टोकाचा मापक ढिम्म हलत नाही, आणि मग लोक आणखी एकदा किटली चढवतात. मंद आचेवर उघडे पातेले ठेवल्यास वाफ बेताने सुटते, पण त्या पातेल्यावर कुणाचे तरी लक्ष राहणे आवश्यक असते. पाणी आटून भांडे करपणे ही त्यातली किरकोळ दुर्घटना, अंगावर उकळते पाणी सांडणे ही गंभीर. झोपायच्या खोलीत, विशेषतः मुलांच्या खोलीत, हा उपाय करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. गॅसच्या शेगडीवर केला तर ज्वलनातून कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइडही खोलीत येतात, त्यासाठी खिडकी उघडावी लागते, आणि खिडकीतून मिळवलेला ओलावा बाहेर जातो. पाण्यातले क्षार आणि जंतू हवेत येत नाहीत, हा उकळण्याचा एक खरा फायदा. विजेचा हिशेब मात्र समजतो तितका वाईट नाही : नळाच्या पाण्याचे एक लिटर पूर्ण आटवायला सुमारे ०.७२ युनिट वीज लागते, कापडाच्या तुलनेत किंचित अधिक, आणि ती सगळी उष्णता या ना त्या रूपाने घरातच येते.

फवाऱ्याच्या बाटलीविषयी थोडक्यातच सांगता येईल. एका दाबाला सुमारे एक मिलिलिटर पाणी सुटते, म्हणजे तासाला साठ दाब हवेत, तेही रात्रंदिवस; शिवाय बरेचसे थेंब हवेत विरण्याआधीच फरशीवर आणि सामानावर पडतात. कुंड्यांचा हिशेब तर त्याहून सरळ आहे. झाड मुळांवाटे घेतलेले जवळजवळ सगळे पाणी पानांवाटे हवेत सोडते, उरलेले मातीतून उडते. तेव्हा तुम्ही कुंडीला आठवड्याभरात जेवढे पाणी घालता तेवढेच आठवड्याभरात खोलीला मिळते, त्याहून थेंबभरही जास्त नाही. सगळ्या कुंड्यांना मिळून रोज दीड लिटर पाणी लागत असेल तर तुमची बाग परीक्षेत उत्तीर्ण, नाहीतर झाडे हिरवाईसाठी ठेवावीत. आंघोळीनंतर न्हाणीघराचे दार घराच्या बाजूला उघडे ठेवणे हे दोन्हींपेक्षा परिणामकारक आहे आणि त्याला कष्टही नाहीत. फक्त त्या वेळी बाहेर हवा फेकणारा पंखा बंद असावा आणि भिंती मात्र दीर्घकाळ ओल्या राहू नयेत.

तयार यंत्रांशी तुलना टाळता येत नाही. ध्वनिलहरींनी पाण्याचे तुषार करणारी लहान यंत्रे शांत असतात आणि वीज कमी घेतात, पण ती वाफ सोडत नसून पाण्याचे सूक्ष्म थेंब उडवतात, आणि त्या थेंबांबरोबर पाण्यातले क्षारही उडतात. काही दिवसांत काळ्या टेबलावर जी पांढरी पूड दिसू लागते ती हीच. टाकीत जंतू वाढले असतील तर तेही तुषारांतून हवेत येतात. म्हणून अशा यंत्रांत क्षारमुक्त पाणी वापरावे आणि टाकी वारंवार स्वच्छ करावी, असा सल्ला अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था देते. ओले कापड या दोन्ही दोषांतून सुटते, कारण बाष्पीभवनात केवळ पाणी वर जाते आणि बाकी सगळे मागे राहते. टबातल्या पाण्यात जंतुनाशक, निलगिरीचे तेल किंवा अत्तर घालण्याचा मोह मात्र होतो, आणि त्याविषयी बजावून सांगणे आवश्यक वाटते. दक्षिण कोरियात ह्युमिडिफायरच्या पाण्यात मिसळण्याची जंतुनाशके १९९४ पासून विकली जात होती; २०११ मध्ये फुप्फुसांच्या गंभीर विकाराशी त्यांचा संबंध उघड झाला आणि ती मागे घेतली गेली, तोवर अनेक लहान मुलांचा बळी गेला होता. त्वचेवर चालणारा पदार्थ श्वासावाटे आत गेला तर निरुपद्रवी राहीलच असे नाही. स्वच्छता पाणी बदलून आणि घासून राखावी. पाण्यात औषध घालून राखू नये.

एका उपायाची गणना सहसा कुणी करत नाही, कारण त्यात पाणी लागतच नाही. हीटर २४ अंशांवर असेल तर तो २० वर आणावा. ज्या हवेत घनमीटरला सहा ग्रॅम वाफ आहे तिची आर्द्रता २४ अंशांना २७-२८ टक्के भरते आणि २० अंशांना जवळपास ३५ टक्के. एक थेंबही न उडवता सात टक्क्यांची कमाई, वर इंधनाची बचत. खिडक्या-दारांच्या फटी बुजवल्या तरी तसाच लाभ होतो, कारण तासाला निम्मीऐवजी पाव हवा बदलू लागली की लागणारे पाणीही निम्म्यावर येते. फक्त गॅस, कोळसा किंवा लाकूड जळत असलेल्या खोलीत फटी बुजवण्याचा विचारही करू नये, तेथे ताजी हवा प्राणाशी निगडित असते.

कुठे थांबायचे हेही आकड्यानेच ठरवावे. घरातली आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावी, असे वर उल्लेखलेली संस्था सुचवते. पन्नाशीच्या पुढे धुळीतले सूक्ष्म किडे जोमाने वाढतात, साठीच्या पुढे बुरशी. त्यातही खोलीच्या मधोमध टांगलेला मापक पूर्ण सत्य सांगत नाही. २० अंश आणि ५० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू ९ अंशांच्या जवळ असतो. म्हणजे खिडकीची काच, बाहेरच्या भिंतीचा कोपरा किंवा कपाटामागची भिंत तेवढी थंड असेल, तर मापकावर ५० दिसत असतानाच तेथे पाणी सुटू लागते. थंडी कडाक्याची असेल तर ४० किंवा ३५ टक्क्यांवरच समाधान मानावे. सकाळी काचेच्या खालच्या कडेला बोट फिरवून पाहण्याची सवय चांगली. बोट ओले झाले तर त्या रात्री टॉवेल टांगू नये.

एका माणसाच्या झोपण्याच्या बंद खोलीसाठी, चार-पाच महिन्यांच्या कोरड्या मोसमापुरता, दोन टॉवेल आणि एक तपासलेला आर्द्रतामापक यांवर माझा पूर्ण भरवसा आहे. वर्षातून मोजक्याच कोरड्या रात्री येत असतील तर त्याहून अधिक काही घेण्याची गरज नाही. दिवाणखाना आणि स्वयंपाकघर एकमेकांत उघडणाऱ्या मोठ्या घराला मात्र रोज पाच-सात लिटर पाणी लागू शकते. तेवढे टॉवेल पिळत बसण्यापेक्षा ओल्या जाळीतून हवा फिरवणारे, तुषार न उडवणारे तयार यंत्र घेणेच बरे. घरात पियानो, सतार किंवा जुने लाकडी सामान असेल तर त्याला आर्द्रतेच्या आकड्यापेक्षा तिची स्थिरता महत्त्वाची असते, आणि रात्री ओला, दुपारी कोरडा अशा टॉवेलच्या कारभाराने ती मिळत नाही; त्यांच्यासाठी ठरवलेल्या आकड्यावर आपोआप चालू-बंद होणारे यंत्रच योग्य. आणि नाकातून रक्त वारंवार येत असेल किंवा खोकला आठवडे उलटूनही हटत नसेल, तर मापकावर ४५ टक्के दिसत असले तरी डॉक्टरांना दाखवावे.